क्षेपणास्त्र चालेल, पडद्याचा दांडा नको

पिंपरी-चिंचवडमध्ये काच फुटायला मुहूर्त लागत नाही. रात्री टोळकं येतं, कोयते हवेत फिरवतं, 'इथले भाई आम्हीच' असं जाहीर करतं आणि रस्त्याकडेच्या गाड्यांच्या काचा फोडून निघून जातं. सकाळी बातमी तयार: 'दहशत माजवण्यासाठी वाहनांची तोडफोड'. मग पोलिस त्याच गल्लीतून भाईंची धिंड काढतात आणि आम्ही सारे गॅलरीत उभे राहून मोबाइलवर चित्रीकरण करतो. आज खाली फोडतात, उद्या वर दगड आला तर? या विचाराने मी घराचा विमा काढायला निघालो.

विमा नियामकाने 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही एकाच साच्याची पॉलिसी लागू केली आहे. तिचा मसुदा वाचून ऊर भरून आला. आग, स्फोट, भूकंप, वीज, वादळ, पूर, दरड, दंगल, संप, दहशतवाद, पाण्याची टाकी फुटणं आणि चक्क क्षेपणास्त्राची चाचणी! म्हणजे भोसरीतल्या वन बीएचकेवर चाचणीचं क्षेपणास्त्र आदळलं, तर स्लायडिंगच्या काचेचे पैसे मिळणार. बाकी घराचं काय उरलं असेल, हा प्रश्न तेवढा विचारू नये.

विमान धडकलं तरी चालतं. पण ध्वनीहून जास्त वेगाने जाणाऱ्या विमानामुळे हवेचा दाब उसळला आणि काच तडकली, तर मात्र नाही. तेव्हा लोहगावच्या सुखोईंनी काय ते नीट धडकून जावं, उगाच वरून गडगडाट करू नये.

युद्धही वगळलेलं आहे. 1660 साली शाहिस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाचा बुरूज सुरुंगाने उडवला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी 'स्फोट' या कलमाखाली दावा केला असता, तर सर्व्हेअरने खानाच्या तंबूतून 'हे युद्धच होतं' असा दाखला आणून फाइल बंद केली असती.

आता आमच्याकडे काच खरोखर कशाने फुटते ते पाहा. दिवाळीच्या साफसफाईत स्टुलावरून तोल जातो आणि पडद्याचा दांडा तावदानात घुसतो. वॉशिंग मशीन आत नेताना कोपरा लागतो. यातलं काहीही त्या यादीत नाही, आणि यादीत नाही ते विम्यात नाही. एजंट म्हणाला, "काका, काचेसाठी वेगळं कलम असलेली पॅकेज पॉलिसी घ्या ना." म्हणजे क्षेपणास्त्र मूळ हप्त्यात, पडद्याचा दांडा जादा हप्त्यात.

दगडाचं मात्र मिटलं. कुणी खोडसाळपणे काच फोडली, तर ते नुकसान मूळ पॉलिसीत बसतं. भाईंचा विचार नियामकाने केला आहे. पंचायत एवढीच, की भाई घराकडे बघतच नाहीत. त्यांचं सगळं लक्ष गाडीवर. चाकणजवळ कुरुळीत सेंट-गोबेनच्या कारखान्यात मोटारींच्या काचा बनतात. मागणीची काळजी आमच्या गल्लीने घ्यावी, असं भाईंना वाटत असावं.

आणि गाडीच्या विम्याचा हिशेब आणखी मजेदार. कायद्याने सक्तीचा थर्ड पार्टी विमा स्वतःच्या गाडीच्या काचेला एक छदाम देत नाही. पूर्ण विमा असेल तर काचेवर घसारा शून्य, म्हणजे नव्या काचेची पूर्ण किंमत धरतात. वा! मग त्यातून लहान गाडीला हजार रुपये सक्तीने वजा. शिवाय एक दावा केला की 20 टक्क्यांपासून वाढत पाच वर्षांत 50 टक्क्यांवर पोहोचलेला नो क्लेम बोनस पुढच्या हप्त्यात गुल. काचेपेक्षा बोनस महाग पडतो, म्हणून शहाणा माणूस तक्रार देतो, दावा करत नाही आणि गॅरेजवाल्याला रोख मोजतो.

तेव्हा समस्त भाई मंडळींना नम्र विनंती. दहशत माजवायचीच असेल, तर कृपया गाड्या सोडून आमच्या खिडकीवर माजवा. हप्ता भरलेला आहे.