तापमान फर्स्ट क्लास

आमची पिढी सेकंदाला चोवीस फ्रेममध्ये सुखी होती. ‘शोले’ चोवीस फ्रेममध्येच पाहिला आणि गब्बर कुठे अडखळल्याचं आठवत नाही. चिरंजीवांना मात्र साठ लागतात. लॅमिंग्टन रोडच्या चार खेपा करून, एकेक भाग आणून जुळवलेला आणि माझे दोन पगार गिळून बसलेला आमचा संगणक पहिली वीस मिनिटं सत्तर देतो, मग पंचविसावर येतो. असं झालं की बी विंगमधून ‘तो’ येतो.

नाव मुद्दाम लिहीत नाही. वय सव्वीस-सत्तावीस, अंधेरीला नोकरी. पाठीवर सॅक, सॅकेत चुंबकाच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर, थर्मल पेस्टची ट्यूब आणि वडिलांचा सेवानिवृत्त दाढीचा ब्रश. घरात शिरला की आधी आमच्या लोखंडी कपाटाला हात लावतो. पहिल्यांदा मला वाटलं, आत देव असल्याची त्याची समजूत झाली असावी. “अंगातली स्टॅटिक काढतोय, काका.” जुलैत तळलेला पापड ताटात पोचेपर्यंत सादळतो, त्या मीरा रोडला याच्या अंगात स्थिर वीज कशी टिकते, हे तोच जाणे.

तो येणार म्हटलं की हिचीही धावपळ. सोफ्यावरचे कपडे आत, कॅबिनेटवरचं झालरीचं आवरण घडी घालून कपाटात, चांगले कप बाहेर. मग तो कॅबिनेटची काच काढतो, फोनचा टॉर्च तोंडात धरतो आणि “हं” म्हणतो. हे “हं” मी आयुष्यात दोनच ठिकाणी ऐकलंय. दुसऱ्या ठिकाणी मला रूट कॅनल सांगितलं होतं.

आधी नाडीपरीक्षा. “कार्ड मायनिंगचं नाही ना?” सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंग बंद केलं आणि रात्रंदिवस राबून पिळून निघालेली कार्डं बाजारात आली, हा त्याच्या इतिहासातला फाळणीएवढा प्रसंग. मी बिल दाखवलं. आरटीएक्स ३०६०, १२ जीबी, कोरं, जीएसटीसकट. त्याने बिल उजेडात धरून पाहिलं, जरा हिरमुसला. मग मॉनिटरची वायर. ती मदरबोर्डात खोचून पुढचे सहा महिने कार्डाला शिव्या घालणारे महाभाग त्याने पाहिलेत. आमची कार्डातच होती. चेहरा आणखी पडला. सोपं दुखणं नाही म्हटल्यावर मात्र डोळ्यांत हळूहळू तेज आलं.

“काका, बॉटलनेक!”

बॉटलनेक समजवावा तर त्यानेच. “बारा डब्यांची गाडी पंधराची केली. माणसं जास्त आली. पण जिना तोच ना? मग कितीही माणसं आणा, पलीकडे बाहेर पडणार तेवढीच. तुमचा प्रोसेसर म्हणजे जिना.” आयुष्याची पंचवीस वर्षं त्या जिन्यावर घालवलेल्या माणसाला याहून चांगला दाखला कुणी दिला नसता. मी मुकाट्याने मान डोलावली.

पुढचे रविवार उपचारांचे. पहिल्या रविवारी सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर मुळासकट उपटला, नवा घातला. दुसऱ्या रविवारी कळलं की रॅमच्या खोक्यावर ३२०० लिहिलंय आणि रॅम धावतेय २१३३ ने, कारण बायोसमध्ये एक्सएमपी चालूच केलेलं नव्हतं. ही चूक खरी होती, तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं. तिसऱ्या रविवारी रॅम एकटी पडते म्हणून तिला जोडीदार आणला. चौथ्या रविवारी पेस्ट. पाचव्याला त्याने एसएमपीएसवर कान ठेवला आणि “याचा आवाज मला आवडला नाही” म्हणाला. त्या नावडीचे साडेपाच हजार झाले.

गंमत म्हणजे प्रत्येक उपचाराला गुण येई. काच उघडी टाकून तो तासभर गेम चालवून दाखवी. सत्तर, एकाहत्तर, सत्तर. “आणि तापमान?” मी विचारी, कारण कार्ड ८३ अंशांच्या आसपास गेलं की आपणहून पळणं कमी करतं, हे त्यानेच मला शिकवलेलं. “तापमान फर्स्ट क्लास, काका. सदुसष्ट!” मग चहा, पोहे, आणि निघताना हिला एक सूचना: “काकू, धूळ हा शत्रू नंबर एक. त्यात आपल्याकडे मेट्रोचं काम, खाडीची खारी हवा. जपा.” काकू जपत. मंगळवारपर्यंत पुन्हा पंचवीस.

पुन्हा पंचवीस झाल्याचं सांगताना मी ओशाळत असे. तो खुलत असे. चालणाऱ्या संगणकाकडे तो लग्न ठरलेल्या मुलीच्या फोटोकडे बघावं तसा बघतो. चांगली आहे, पण आपला काय संबंध? त्याच्या स्वतःच्या संगणकाला तर काचच नाही, ती पलंगाखाली असते. “तू कुठला गेम खेळतोस रे?” मी एकदा विचारलं. “खेळायला वेळ कुठेय काका, अजून टेस्टिंग चाललंय.” टेस्टिंग २०२१ पासून चाललंय.

सहाव्या रविवारच्या आधीची गोष्ट. रात्री अकराला पाणी प्यायला उठलो. चिरंजीव कानाला हेडफोन लावून कुणाला तरी मारत होते. शेजारी कॅबिनेट, आणि त्यावर हिने जुन्या पडद्याचं शिवलेलं झालरीचं आवरण, मागेपुढे नीट खोचलेलं. आतले आरजीबी दिवे फुलांच्या नक्षीतून गणपतीच्या मखरासारखे झळकत होते. आमच्या घरात टीव्हीला, मिक्सरला, वॉशिंग मशीनला, सगळ्यांना आवरण असतं. म्हणून ते कुणाला दिसत नाही. मी वर हात ठेवला आणि भाकरीच्या तव्यावरून काढावा तसा काढला. आवरण उचललं. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा पंचवीस, अडतीस, बावन्न करत चढू लागला. चिरंजीवांनी मागे वळून पाहिलंही नाही.

हिला सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, “त्यानेच सांगितलं होतं ना, धुळीपासून जपा म्हणून?” आता ते आवरण शिलाई मशीनवर आहे.

तो पुढच्या रविवारी आला, आकडे पाहिले आणि सगळं श्रेय नव्या एसएमपीएसला दिलं. मग जरा वेळ गप्प बसून, “काका, तुमचा राउटर थोडा स्लो वाटतोय का?” म्हणाला. मी हो म्हटलं. मीरा रोडच्या वाचकांना विनंती, आवरणाचं त्याला कुणी सांगू नका.