जॉबकार्डकाका

सिडकोच्या एन-4 मध्ये जॉबकार्डकाकांचं खरं नाव दोनच ठिकाणी सापडतं: विजेच्या बिलावर आणि गाडीच्या आरसी बुकात. एरवी कॉलनीतलं शेंबडं पोरही त्यांना जॉबकार्डकाकाच म्हणतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि हाती आलेल्या पैशांतून त्यांनी अकरा लाखांची नवी कोरी गाडी घेतली. ज्या शहरानं 2010 साली एका दमात 150 मर्सिडीज खरेदी केल्या, तिथं एका गाडीची बातमी होत नसते. काकांनी ती करून दाखवली.

त्यांची गाडी वाजते. मागच्या डाव्या चाकाकडून आवाज येतो. मोंढा नाक्याला सुरू होतो, आकाशवाणीपाशी वाढतो आणि सेव्हन हिल्सच्या पुलावर तर रंगातच येतो. सर्व्हिस सेंटरचा माणूस शेजारी बसला की मात्र पाहुण्यांसमोर शहाण्या होणाऱ्या पोरासारखा एकदम गप्प. मेकॅनिक म्हणतो, "काका, आवाज गाडी में नही, रोड में है." काकूंचं निदान वेगळं: "आवाज न काही, ह्यांचे कान वाजायलेत."

शहराच्या एका टोकाला वाळूज, दुसऱ्या टोकाला शेंद्रा, आणि दोन्हीकडं गाड्या बनतात. त्यामुळं या आवाजावर मत नसलेला माणूस एन-4 मध्ये शोधूनही सापडणार नाही. वाळूजमधून निवृत्त झालेले म्हणतात, बुश गेलंय. शेंद्र्याला कामाला जाणारे म्हणतात, लिंक रॉड. काका दोघांचंही ऐकून घेतात आणि शांतपणे विचारतात, "लेखी देता का?"

इथून पुढं कुणी थांबत नाही.

काकांची आयुष्यभराची श्रद्धा एकच, ती म्हणजे जे लिहिलं तेच घडलं. खात्यात मेजरमेंट बुकात नोंद नसेल तर कालवा खोदला तरी खोदला नाही. त्याच न्यायानं जॉबकार्डावर नसेल तर गाडी वाजली तरी वाजली नाही. काउंटरवरचं पोरगं 'जनरल चेकअप' असं टाइप करतं तेव्हा काका त्याचा हात धरतात. "जनरल नाही. लिही: मागील डाव्या चाकाकडून खडखड, वेग ताशी चाळीस, चौथी तक्रार." गाडी परत घेताना 'काम समाधानकारक' या ओळीखाली सही मागतात. काका सही करतात, वर लिहितात, 'आवाज कायम', आणि त्या पानाचा फोटो काढतात. गाडी आत कधी गेली, बाहेर कधी आली, किलोमीटर किती, सगळं फायलीत. गाडीपेक्षा फायलीला जास्त वेळा कव्हर घातलंय.

भाचा कॅलिफोर्नियात. त्यानं एकदा फोनवर सांगितलं की तिकडं पहिल्या 18 महिन्यांत किंवा 18,000 मैलांच्या आत एकच दोष चार वेळा दुरुस्त करूनही राहिला, किंवा गाडी एकूण 30 दिवसांहून जास्त गॅरेजमध्ये पडून राहिली, तर कायदा मालकाच्या बाजूनं गृहीत धरायला लागतो; कंपनीला गाडी बदलून द्यावी लागते नाहीतर पैसे परत. त्या रात्री काका झोपले नाहीत. "तिकडं असतो तर एव्हाना तिसऱ्या गाडीत बसलो असतो," असं ते दूधवाल्यालासुद्धा सांगतात.

आपल्याकडं सदोष गाड्यांसाठी असा वेगळा कायदा नाही. आहे तो 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा, आणि त्यात दोष सिद्ध करायचं ओझं बहुतेक मालकाच्याच डोक्यावर. वर 2006 साली मारुती उद्योगच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचं वचन असेल तर भाग मिळेल, अख्खी गाडी नाही. हा निकाल काकांनी लॅमिनेट करून ठेवलाय. शत्रूचं हत्यार ओळखीचं असावं म्हणतात.

2019 च्याच मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीनं धोकादायक दोषाच्या गाड्या कंपनीला परत बोलवायला लावण्याचा अधिकार सरकारला दिला. पण त्याला एकट्याची कुरकुर पुरत नाही, त्याच मॉडेलच्या पुष्कळ मालकांच्या तक्रारी लागतात. हे कळल्यापासून काका क्रांती चौकाच्या सिग्नलला उतरून तसल्या गाड्यांच्या काचेवर टकटक करतात. काच खाली आली की विचारतात, "तुमची वाजते का?" बरेच जण सुटे पैसे काढतात.

सल्ला मात्र अस्सल. डबे पोचवणाऱ्या एका पोरीची इलेक्ट्रिक स्कूटर चिकलठाण्याच्या रस्त्यावर वरचेवर बंद पडायची. काकांनी तिला ओट्यावर बसवून सगळं समजावलं. फोनवर भांडू नकोस, ई-मेल कर. आधी 1915 वर तक्रार नोंदव. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीच्या गावी जायची गरज नाही, आपण राहतो तिथं दावा लावता येतो. वकील लागतोच असं नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क शून्य. दोष नुसता बघून कळत नसेल तर आयोग तपासणीला पाठवतो. आणि जे काय करायचं ते दोन वर्षांच्या आत.

पोरीनं मोजके कागद जोडले आणि दावा ठोकला. कंपनीला नोटीस पोचली, पाठोपाठ माणूस आला आणि पैसे परत देऊन मिटवून गेला. ती पेढे घेऊन आली तर काकांचा चेहरा पडलेला. "इतक्यात? लेखी जबाबसुद्धा न घेता? चांगली केस वाया घालवली पोरीनं."

त्यांच्या स्वतःच्या दाव्याला शुल्क पडतं अवघं 400 रुपये. कायदा म्हणतो, शक्यतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. पण दावा अजून लागलेला नाही. फायलीत कायम एक कागद कमी असतो. मी एकदा धीर करून विचारलं, "काका, दोन वर्षं होत आली ना?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "विलंब माफीची तरतूद आहे. तो अर्जसुद्धा तयार आहे." पिवळ्या खुणेच्या कप्प्यात, खरोखरच होता.

दिवाळीनंतर सर्व्हिस सेंटरमधून आपणहून फोन आला. गाडी नेली, संध्याकाळी आणून दिली. काका मोंढ्यापासून सेव्हन हिल्सपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. आवाज नाही. काकूंनी देवापुढं साखर ठेवली. त्या रात्री काका जेवले, पण मनापासून नाही.

सकाळी बघतो तर ओट्यावर नवी फाइल, आणि काका दहा वर्षांनी तरुण. जॉबकार्ड त्यांनी माझ्यापुढं धरलं. त्यावर लिहिलं होतं: 'दोष आढळला नाही. सौजन्य म्हणून मागील डावे बुश बदलले.'

"वाचलंत? दोषच नव्हता, तर बुश बदललं कशाला?"

खाली काकांची सही होती आणि सहीवर शेरा: 'आवाज बंद. कारण लेखी कळवावे.'