पहिल्या ओळीत मुका बसलेल्या नेमसर्व्हरास खुले पत्र

रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइलीतल्या पहिल्या पत्त्या,

नमस्कार लिहीत नाही. तो तू कमावलेला नाहीस. पत्र उघडं लिहितोय, कारण तू माझ्या एकट्याच्या संगणकात ठाण मांडलेलं नाहीस. तांब्याची जुनी लाइन जाऊन फायबर आलं, पण साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणाऱ्या जुन्या कंपनीच्या नेमसर्व्हरचा, हाताने टाकलेला पत्ता संगणकात तसाच राहिला, अशा प्रत्येक ठिकाणी तुझे भाऊबंद बसले आहेत.

माझं दुकान म्हापशाच्या बाजारात आहे. झेरॉक्स, प्रिंट, ऑनलाइन अर्ज. शुक्रवारी पेडणे-डिचोलीची माणसं बाजाराला उतरतात, तेव्हा पिशवीत कागदही घेऊन येतात. कुणाला जमिनीचा एक-चौदाचा उतारा हवा असतो, कुणाला रहिवासी दाखला, कुणाला लेकीच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा असतो. त्यांची परतीची बस ठरलेली असते. त्यांना तू स्टुलावर ताटकळत ठेवलंस. पान उघडता उघडेना, उघडलं तर अर्धं, आणि पुढच्या पानापर्यंत पोचेस्तोवर ओटीपीची मुदत संपलेली. ‘नेट ना मरे?’ असं विचारून म्हातारी माणसं काम न होताच उठून गेली. त्यांचा दिवस तू खाल्लास.

आणि शिव्या कुणी खाल्ल्या? आधी लाइन देणाऱ्याने, पण वेग मोजला तर तो भरपूर. मग पावसाने. शेवटी दुकानातल्या संगणकावरच्या लिनक्सने. त्याच वायफायवर ग्राहकाचा फोन झरझर चालत होता, त्यामुळे ‘हे काढ आणि विंडोज घाल’ असा सल्ला जो तो देऊन गेला. याचा मला सर्वांत जास्त राग आहे. जुन्या यंत्रावर, परवान्याचा एक पैसाही न घेता जी प्रणाली लहान दुकान चालवते, तिची तू बदनामी केलीस. फोनला नेमसर्व्हरचा पत्ता राउटरकडून मिळतो, म्हणून तो तुझ्या वाटेला जातच नाही. फरक तेवढाच होता.

तुला पकडलं ते मोजमापाने. कर्ल ही आज्ञा प्रत्येक टप्प्याचा वेळ वेगळा दाखवते: नाव शोधायला किती, जोडणीला किती, पहिला बाइट यायला किती. नाव शोधायला ५ सेकंदांच्या किंचित वर, बाकी सगळं एका सेकंदाच्या आत. दुसऱ्या साइटवर तेच, तिसऱ्यावर तेच. गर्दीने मंदावलेली लाइन कधी दोन सेकंद घेते, कधी आठ. दर वेळी नेमके पाच घेते ती मुदत. लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीत एका नेमसर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्याची ठरीव मुदत ५ सेकंदच आहे. मग डिग या आज्ञेने थेट तुलाच प्रश्न विचारला. तू गप्प. राउटरला विचारला, उत्तर काही मिलिसेकंदांत.

तुझा गुन्हा नीट ऐक. तू बाहेरच्या ग्राहकाला उत्तर देत नाहीस, हे मला मान्य आहे. पण ‘नाही’ एवढं कळवलं असतंस, तर संगणक त्याच क्षणी दुसऱ्या ओळीकडे वळला असता. तू नकारही देत नाहीस. खिडकीत बसून मान वर न करणाऱ्या कारकुनासारखा तू रांग अडवतोस. शिवाय जीलिबसी तुझा मुकेपणा लक्षात ठेवत नाही. प्रत्येक नवं नाव पुन्हा आधी तुलाच विचारलं जातं. एका पानाला नावं तरी किती लागतात! मुख्य साइट, चित्रं, फॉन्ट, पैसे भरण्याची सोय. त्यातली काही नावं आधीची स्क्रिप्ट उतरल्यावरच कळतात, म्हणजे पाचावर आणखी पाच.

तुझ्या कुळाला तू बट्टा लावलास. एकेकाळी साऱ्या जाळ्यातली नावं एकाच फाइलीत असत आणि प्रत्येकाला ती उतरवून घ्यावी लागे. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएस या नावं शोधण्याच्या व्यवस्थेची रचना मांडली आणि ते ओझं हजारो नेमसर्व्हरांत वाटून दिलं. विचारलं की उत्तर द्यायचं, एवढं एकच काम त्यांनी तुझ्यावर सोपवलं होतं.

तुला मी काढलं आहे. नुसती फाइलीतली ओळ खोडून भागत नाही. नेटवर्कमॅनेजर ती पुन्हा लिहितो. म्हणून जोडणीच्या सेटिंगमध्ये, आयपीव्ही४ च्या पानावर, हाताने टाकलेला पत्ता पुसला, डीएनएस ‘ऑटोमॅटिक’ केलं आणि जोडणी बंद करून पुन्हा चालू केली. तीच साइट, तेच यंत्र, तोच लिनक्स. पान लगेच उघडलं.

हे वाचणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला, शाळेच्या संगणक-शिक्षकाला आणि पंचायतीतल्या कर्मचाऱ्याला सांगतो: लिनक्स पुसण्याआधी आणि लाइनवाल्याशी भांडण्याआधी नाव शोधायला किती वेळ लागतो ते मोजा. पाच सेकंद दिसले तर रिझॉल्व्ह.कॉन्फमधली पहिली ओळ तपासा. आणि लाइन बदलून देणाऱ्यांनो, नवी तार जोडून निघण्याआधी जुना पत्ता पुसा. समोर बसलेल्या माणसाचा वेळ तुमच्या वेळेइतकाच मोलाचा आहे.

म्हापसा बाजारातला एक दुकानदार