कुत्रं फुकट, पाळणं किलोवर

“ऐकलंस का माधुरी? कोपऱ्यावरच्या बंगल्यात हस्की आलंय!” शिंदेकाकूंनी कढीपत्ता तोडता तोडता भिंतीवरून मान काढली. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाल्या, तरी काकूंना बातमीसुद्धा आकड्यासकट लागते. “पस्तीस हजार मोजले म्हणे. बर्फात गाडी ओढायचं जनावर, अन् आता साताऱ्यात पंख्याखाली जीभ काढून पडलंय.”

“काकू, हळू बोला! आमच्या चिरंजीवांच्या कानावर गेलं तर संपलंच.”

“का गं? त्यालाही कुत्रं हवंय?”

“पंधरा दिवस भुणभुण लावलीय. त्याच्या मित्राकडं गावठी पिल्लं झालीत, फुकट देतायत. आता हेही म्हणायला लागलेत, फुकट आहे तर आणू या.”

“आमंत्रण फुकटच असतं गं, आहेर कुठं फुकट असतो?” काकूंनी कढीपत्ता पदरात टाकला आणि भिंतीवर कोपर टेकलं. म्हणजे आता अर्धा तास निश्चिंती. “नीट ऐक. कुत्र्याचा खर्च दोन गोष्टींवर ठरतो. त्याचं वजन, आणि तुझं गाव.”

“वजन?”

“मग! जंताचं औषध वजनावर, गोचिडाची गोळी वजनावर, ऑपरेशनची भूल वजनावर. खाणं तर आहेच. तीस किलोचं लॅब्राडोर दिवसाला तीन-साडेतीनशे ग्रॅम कोरडं खाणं खातं. महिन्याला झाली दहा किलोची गोणी. साधं घेतलंस तर अडीच हजार, भारीतलं घेतलंस तर सहाला जाईल. गावठी पंधरा-सतरा किलोवर थांबतं, त्याचं सहा-सात किलोत भागतं.”

“मी कशाला विकतचं घालतेय? भाकरी-दूध घालीन.”

“नुसत्या भाकरी-दुधावर नाही भागत. पुष्कळ कुत्र्यांना दूध पचतच नाही. अंडी घाल, चिकनवाल्याकडनं बिनहाडाचं चिकन आण, मऊ भात घाल. पण तुझी कांदा-लसणाची आमटी नाही हं, कांद्यानं कुत्र्याचं रक्त कमी होतं. आणि शिजवलेलं हाड अजिबात नाही. चिरफळतं आणि आतडं फाडतं. एका हाडाचं बिल वर्षाच्या खाण्याएवढं येईल.”

“म्हणजे पॅकबंदच बरं म्हणायचं.”

“बरं आहे, पण त्यावर १८ टक्के जीएसटी. गुरांच्या पेंडीला कर नाही, कुत्र्याच्या खाण्याला आहे. सरकारच्या लेखी गाय म्हणजे धंदा आणि कुत्रं म्हणजे चैन!”

“आणि गाव म्हणजे काय म्हणालात?”

“अगं, तेच तर कुणी धरत नाही. मोबाइलवर कोण मुंबईची पोरगी खर्च सांगते आणि साताऱ्यातली माणसं तोच धरून बसतात. आमच्या नागपूरच्या वन्सं बघ. पग पाळलाय. नाक चपटं, श्वास तोकडा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की त्याला धाप लागते, मग दुपारभर एसी. सहा तासांचे आठ-नऊ युनिट, महिन्याला अडीचशे. घरचा वापर आधीच दोनशे. तीनशेच्या वर महावितरणच्या दराची पायरी चढते, तिथंच ते कुत्रं बसलंय.”

माधुरी खो खो हसली. “आणि कोकणातल्या तुमच्या जाऊबाई? त्यांची तर चार मांजरं.”

“रत्नागिरीत मांजराला खर्च म्हणून नाही. कोळणीकडनं बांगड्याची डोकी येतात, चार फुकट, चार घासाघीस करून. पण १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्या बंद. मासळी महागली की ह्या महाराण्या डाळ-भाताला तोंड लावत नाहीत. आणि त्यांचंही चुकत नाही, मांजराला शाकाहारी करताच येत नाही. मांसातलं टॉरिन मिळालं नाही तर डोळे जातात, काळीज बिघडतं. मग जाऊबाई दोन महिने पाकिटं आणतात. वर्षभराची बचत पावसाळ्यात जाते.”

“आमच्या मुलुंडच्या मावसबहिणीनं मांजर आणायच्या आधी खिडक्यांना जाळ्या मारल्या.”

“शहाणी आहे. चौदाव्या मजल्यावर मांजर म्हणजे पहिला खर्च जाळीचा. कबुतरामागं उडी मारली की संपलं. शिवाय शी-शूची वाळू विकत. आपल्याकडं सॉ मिलमधला भुसा चालतो, ती भुसा कुठनं आणणार? पण मुंबईत एक आहे, परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिटांचं जनावरांचं हॉस्पिटल आहे, इंग्रजांच्या काळापासनंचं. धावत जायला जागा तरी आहे.”

“आपल्याकडं आहे ना सरकारी दवाखाना.”

“आहे आणि स्वस्तही आहे. पण तिथं गाई-म्हशींचा मान पहिला. आपलं कुत्रं रांगेत. काही अवघड निघालं तर शिरवळ. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे तिथं. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर धर. डॉक्टरांपेक्षा गाडीभाडं जास्त! ते कुत्र्याच्याच खात्यात लिहायचं, घरखर्चात ढकलायचं नाही.”

“माझ्या माहेरी कराडकडं तर वेगळीच कथा. उसातनं बिबट्या येतो. दादानं वेल्डिंगवाल्याकडनं पिंजरा करून घेतला. कुत्र्याला कोंडायला नाही, बिबट्याला बाहेर ठेवायला. कुत्र्यापेक्षा पिंजरा महाग.”

“बघ! हा खर्च कुठल्या पुस्तकात लिहिलाय?” काकूंना दाखला मनापासून आवडला. “आता पिल्लाचं पहिलं वर्ष धर. सहा-आठ आठवड्यांचं झालं की पार्व्हो-डिस्टेंपरची लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा. तीन महिन्यांचं झालं की रेबीज, मग दर वर्षी. आपल्याकडं पाऊस आणि उंदीर दोन्ही, म्हणून लेप्टोचंही डॉक्टरांना विचार. लशींचे दोन-तीन हजार वाचवलेस आणि पार्व्हो झाला, तर सलाइनवर चार-पाच दिवस. दहा हजार कुठं गेले कळत नाही, आणि पिल्लू वाचेलच असं नाही.”

“रेबीजची फुकट मिळते ना?”

“२८ सप्टेंबरला, रेबीज दिनाला, पुष्कळ ठिकाणी शिबिरं असतात. गोव्यात तर गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना टोचत होते, २०२१ मध्ये सरकारनं राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर केलं. फुकट मिळाली तर घे. पण शिबिराची वाट बघत तारीख चुकवू नको. लक्षणं दिसल्यावर कुत्रंही वाचत नाही आणि माणूसही.”

“बाई गं. आणि ते पिल्लू मादी आहे हो.”

“असणारच! नर आधी उचलले जातात. मग ऑपरेशनचे पैसे आजच लिही. फुकट पिल्लं कुठनं येतात? तिच्या आईचं ऑपरेशन कुणी केलं नाही, तिथनं. कुत्री दोन महिन्यांत विते. तुझ्याकडं सहा पिल्लं झाली की तू भिंतीवरनं मलाच म्हणणार, काकू, फुकट आहे, घ्या एक!”

“मग आकडा सांगा, रात्री ह्यांना सांगते.”

काकूंनी बोटं मोजली. “घरचं-विकतचं मिळून खाणं पंधराशे-अठराशे. लस, जंत, गोचीड यांचे वर्षाचे पैसे बारा महिन्यांत वाटले की पाचशे. अचानकच्या आजाराला पाचशे बाजूला. महिन्याला अडीच-पावणेतीन हजार. पहिल्या वर्षी लशी, ऑपरेशन, पट्टा, भांडी यांचे वेगळे दहा. पुण्यात राहत असतीस तर लग्नाला गावाला जाताना कुत्र्याला ठेवायचेही दिवसाला पाचशे मोजले असतेस. इथं मी आहे.”

“हे ऐकून हे नाहीच म्हणतील.”

“म्हणू देत. तू एक कर. कुत्रं आणायच्या आधीच दर महिन्याला पावणेतीन हजार डब्यात टाक. दिवाळीपर्यंत. तेवढ्यात पुढची वीण कुठंतरी होतेच, पिल्लांचा दुष्काळ नाही. डबा शाबूत राहिला तर खुशाल आण, आणि पहिल्या वर्षाचे पैसेही त्यातच तयार.”

“आणि मधेच कुणी डब्यात हात घातला तर?”

“कुणी घातला तेवढं बघून ठेव,” काकू कढीपत्ता सावरत वळल्या. “कुत्रं आल्यावर रात्री दोन वाजता त्याला बाहेर कोण नेणार नाही, तेही तिथंच कळेल.”