डबे परत आण

आमचे चिरंजीव इंजिनिअरिंगसाठी साताऱ्याहून पुण्यास रवाना झाले. अंतर सुमारे ११० किलोमीटर; वाटेत खंबाटकी घाट. पुण्यात खायला काही मिळत नाही, हे घरच्या मंडळींनी वेळीच ओळखले याबद्दल त्यांचे जाहीर अभिनंदन. बेसन लाडवांचे दोन, चकल्यांचा एक आणि मेतकुटाचा एक असे स्टीलचे डबे मोजून देण्यात आले. प्रत्येकावर आजोबांचे नाव आणि १९८४ हे साल कोरलेले. गोड्या मसाल्याची पुडीही गेली. हॉस्टेलात इंडक्शनला बंदी आहे, पण मसाला जवळ असला की धीर येतो. पुढच्या सत्रापासून जातेही धाडावे, ही माझी नम्र सूचना विचाराधीन आहे. (जात्यामागोमाग जायला आजी तयारच आहे.)

निरोपाच्या वेळी सौ.ना हुंदका आवरेना. एवढेच म्हणाल्या, "डबे परत आण रे!"

चिरंजीव आज्ञाधारक. पहिल्याच शनिवारी एसटीतून उतरले, चारही डबे घेऊन. कुणाचा डबा रिकामा परत करू नये, ही घरची शिकवणही विसरले नव्हते. डबे गच्च भरलेले. मी मोठ्या आशेने पहिले झाकण उघडले.

मोजे.