‘अजून मोठं कर’ म्हणणाऱ्यास खुलं पत्र

महाशय,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. सीडीच्या आतल्या पुस्तिकेत मी ते कितीतरी वर्षं शोधतो आहे. गिटार कुणी वाजवली, कुठल्या स्टुडिओत माइक लागले, मिक्सिंग कुणी केलं, मास्टरिंग कुणी केलं, सगळ्यांची नावं तिथं असतात. आईवडिलांचे, मित्रांचे आभार असतात. फक्त मिक्सिंगच्या नाहीतर मास्टरिंगच्या खोलीत मागच्या सोफ्यावर बसून ‘अजून मोठं कर’ म्हणणाऱ्या माणसाचं नाव नसतं. कधी तुम्ही रेकॉर्ड कंपनीचे साहेब असता, कधी निर्माता, कधी बँडमधलाच एखादा घाबरलेला वादक. माणूस बदलतो, वाक्य तेच राहतं. त्या एका वाक्याने तुम्ही माझ्या जिवाभावाच्या संगीताचा श्वास कोंडलात. म्हणून हे पत्र.

तुमची माझी पहिली गाठ सप्टेंबर २००८ मध्ये पडली. मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ आला होता. आधीचा ‘सेंट अँगर’ येऊन पाच वर्षं झाली होती आणि त्याने माझ्यासारख्या अनेकांची निराशा केली होती. या वेळी रिक रुबिन निर्माता होता, गाणी सात-आठ मिनिटांची होती, गिटारवादक कर्क हॅमेटचे सोलो परत आले होते. सीडी घरी आणली, हेडफोन चढवला. चौथं गाणं हळुवार गिटारने सुरू होतं, हळूहळू चढत जातं आणि शेवटाकडे उसळतं. उसळायची वेळ आली आणि काहीच झालं नाही. आवाजाला वर जायला जागाच उरली नव्हती. ड्रमचा फटका छातीवर यायच्या ऐवजी कागद फाटल्यासारखा कानात फाटला. मला वाटलं, प्लेअर बिघडला. वायर बदलली. मित्राचा अँप्लिफायर उचलून आणला. फरफर तशीच राहिली.

माझे बाबा शास्त्रीय संगीत ऐकणारे. माझ्या रॉकला ते गोंगाट म्हणत, पण लेड झेपेलिनचं ‘स्टेअरवे टू हेवन’ लावलं की पेपर खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकत. ‘डेथ मॅग्नेटिक’ची दोन गाणी त्यांनी ऐकली आणि म्हणाले, ‘अरे, यात कुणी श्वासच घेत नाही.’ तुमच्या करणीचं याहून नेमकं वर्णन मी पुढे कुठल्याही मासिकात वाचलं नाही.

काही दिवसांत उलगडा झाला. हीच गाणी ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेमसाठीही दिली गेली होती. गेमला प्रत्येक वाद्य सुटं लागतं, त्यामुळे तुमचा हात फिरायच्या आधीचे ट्रॅक तिकडे गेले होते. चाहत्यांनी दोन्ही शेजारी लावून ऐकले. गेममध्ये ड्रम जिवंत होते, गिटारी एकमेकींपासून वेगळ्या उभ्या होत्या. दुकानात पैसे मोजून घेतलेल्या सीडीवर नुसतं सिमेंट. मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सनकडे लोकांनी विचारणा केली, तेव्हा त्याने कळवलं की मिक्स त्याच्याकडे आले तेव्हाच चिरडलेले होते. हजारो श्रोत्यांनी सह्या करून अल्बम नव्याने मिक्स करण्याची मागणी केली. महाशय, एखाद्या बँडचे सर्वांत निष्ठावान चाहते तुमच्या कामाविरुद्ध सह्यांची मोहीम काढतात, याची तुम्हाला लाज वाटायला हवी होती.

तुम्ही नेमकं काय करता, ते ज्यांनी कधी हा विचार केला नाही त्यांच्यासाठी सांगतो. डिजिटल आवाजाला एक छत असतं, शून्य डेसिबलचं. त्याच्या वर काही लिहिताच येत नाही. त्या छताखाली सीडीवर सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. एवढी ऐसपैस जागा जुन्या तबकडीला कधीच मिळाली नव्हती. तबकडीवर आवाज फार मोठा कोरला तर सुई खाचेतून उडायची, त्यामुळे तिथं निसर्गच तुमचा हात धरत होता. सीडीने तो धाक काढला. मग तुम्ही लिमिटर हाती घेतलात. स्नेअरचा फटका, गायकाची किंकाळी, अशी गाण्यातली सगळी उंच टोकं दाबायची आणि मग उरलेलं सगळंच्या सगळं छताला नेऊन टेकवायचं. पुण्यात टेकडी फोडून तिच्याच मुरमाने खालची दरी भरतात आणि त्या सपाट जागेला प्लॉट म्हणतात, तसं. आकडे बघितले तर जमीन वाढलेली असते. टेकडी नसते आणि दरीही नसते.

आणि हे करण्यामागे तुमचा एकच हिशेब होता. दोन गाणी लागोपाठ वाजली की जरा मोठं वाजणारं कानाला अधिक चांगलं वाटतं. ते खरं आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं की आवाज कमी असला की कानाला खर्ज आणि तार दोन्ही कमी ऐकू येतात. मोठा केला की तेच गाणं भरीव भासतं. कानाची ही पहिल्या काही सेकंदांची भूल तुम्ही धंद्याला लावलीत. पण अल्बम पन्नास मिनिटांचा असतो. त्या सेकंदांनंतर कान थकतो आणि माणूस का ते न कळता सीडी बंद करतो. ओअॅसिसच्या १९९५ च्या ‘मॉर्निंग ग्लोरी’ने ही चढाओढ पेटवली, १९९९ च्या ‘कॅलिफोर्निकेशन’मध्ये रेड हॉट चिली पेपर्सचा आवाजच चरचरायला लागला, आणि पुढे कुणालाच मागे हटायचं धैर्य राहिलं नाही.

या सगळ्यातला एक अल्बम मी तुम्हाला माफ करणार नाही. रश या कॅनडाच्या बँडचा ‘व्हेपर ट्रेल्स’, २००२ चा.

त्या अल्बमच्या आधी काय घडलं होतं, ते तुम्हाला माहीत असणारच. ड्रमर नील पिअर्टची एकुलती एक मुलगी ऑगस्ट १९९७ मध्ये मोटार अपघातात गेली. दहा महिन्यांनी बायको कॅन्सरने गेली. माणसाने काठ्या खाली ठेवल्या आणि मोटरसायकलवर बसून निघाला. कॅनडा, अलास्का, मेक्सिको करत हजारो मैल एकटा फिरला. गेडी ली आणि अॅलेक्स लाइफसन या बँडमधल्या दोघांनी त्याला परत बोलावण्याची घाई केली नाही. तो येईल तेव्हा येईल म्हणून थांबले. तो आला. अल्बमचं पहिलं गाणं कशाने सुरू होतं? नुसत्या ड्रमने. गिटार नाही, गाणं नाही. सगळं गमावून बसलेला माणूस पुन्हा वाद्यावर बसला आहे, हे जगाला कळावं म्हणून पहिले काही क्षण त्याचे एकट्याचे ठेवले होते.

तेच तुम्ही चिरडलेत. त्या ड्रमना कडा ठेवल्या नाहीत, मधली हवा ठेवली नाही. पाच वर्षांच्या शोकानंतर उमटलेला आवाज तुम्ही शेजारच्या अल्बमपेक्षा थोडा मोठा लागावा म्हणून छताला घासलात. बँडलाही तो सल राहिला. अकरा वर्षांनी, २०१३ मध्ये, डेव्हिड बॉट्रिलकडून सगळा अल्बम नव्याने मिक्स करून घेतला, तेव्हा कुठे ती गाणी मोकळी झाली. मी तो नवा मिक्स पहिल्यांदा ऐकला तेव्हा रात्री दिवा बंद करून बसलो होतो. ड्रम सुरू झाले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. अकरा वर्षं हे आमच्यापासून का लपवलंत?

वेगळं करता येत नव्हतं, असं सांगू नका. ‘डेथ मॅग्नेटिक’नंतर अवघ्या दोन महिन्यांत गन्स एन’ रोझेसचा ‘चायनीज डेमॉक्रसी’ आला. तो किती वर्षं रखडला, यावर जगाने भरपूर विनोद केले, पण मास्टरिंग करणाऱ्या बॉब लडविगने कमीजास्त दाबलेल्या तीन आवृत्त्या पुढे ठेवल्या तेव्हा बँडने सर्वांत मोकळी निवडली. गाणी सगळ्यांना आवडली नसतील. मलाही सगळी आवडत नाहीत. पण त्या खोलीत कुणीतरी तुम्हाला ‘नाही’ म्हणालं, हे मी विसरत नाही.

आज तर तुमच्याकडे सबबही उरलेली नाही. स्पॉटिफायसारख्या सेवा सगळी गाणी ऐकवण्याआधी साधारण एका पातळीवर आणतात. तुम्ही गाणं कितीही वर चढवा, ते तिथं खाली ओढलं जातं. म्हणजे शेजाऱ्यापेक्षा मोठं वाजण्याचा फायदा शून्य, आणि दाबताना मेलेले फटके मात्र मेलेलेच राहतात. तरीही तुम्ही थांबत नाही. रोलिंग स्टोन्सचा २०२३ चा ‘हॅकनी डायमंड्स’ ऐकताना मला हेच जाणवलं. ऐंशीच्या घरातली माणसं इतक्या उमेदीने वाजवतात आणि आवाज मात्र एखाद्या जाहिरातीसारखा तोंडावर चिकटतो. क्यूअरचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ सोळा वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. माझ्या मते तो त्यांच्या सर्वोत्तम अल्बमांपैकी एक आहे. पहिल्याच गाण्यात रॉबर्ट स्मिथ तीन मिनिटं उलटून गेल्यावर तोंड उघडतो. तोवर नुसतं संगीत पसरत राहतं. इतका धीर असलेल्या संगीताला खोल शांतता हवी असते. मी ऐकलेल्या डिजिटल आवृत्तीत ती मला सापडली नाही. सुरांच्या मागे सतत एक दाब जाणवत राहिला. दुसऱ्या बाजूला स्टीव्हन विल्सनचा २०२५ चा ‘द ओव्हरव्ह्यू’ लावून बघा. दोनच रचना, त्यातली एक वीस मिनिटांच्या वर. हलकं आहे तिथं खरंच हलकं वाजतं, इतकं की रस्त्यावरची रिक्षा ऐकू येते. मग मोठं होतं तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसतो. हा माणूस जुने किंग क्रिम्सन आणि जेथ्रो टल नव्याने मिक्स करतानाही त्यांच्यावर तुमचा रोलर फिरवू देत नाही.

मोठ्या आवाजाशी माझं वैर आहे, असा समज करून घेऊ नका. रॉक मोठ्यानेच ऐकायचं असतं. १९७२ मध्ये डीप पर्पलची जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून नोंद झाली होती, आणि त्याच वर्षी त्यांनी जपानमध्ये रेकॉर्ड केलेला लाइव्ह अल्बम आजही माझ्या घरात कसा श्वास घेतो ते येऊन ऐका. मोठा आवाज आणि सपाट आवाज यांतला फरक तुम्हाला कळत नाही, आणि आता तुम्ही मैदानावरही येऊन पोचला आहात.

फेब्रुवारी २००७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर रॉजर वॉटर्सने ‘डार्क साइड ऑफ द मून’ सलग वाजवला होता. त्या अल्बमची सुरुवात हृदयाच्या ठोक्यांनी होते. अंधारात हजारो माणसं उभी आणि चारी बाजूंनी तो ठोका येत होता, हलका, अगदी हलका. मुंबईत एवढी गर्दी मी इतकी गप्प कधी पाहिली नव्हती. त्या गप्प बसण्यातूनच पुढचा स्फोट आमच्या अंगावर आला. आणि अलीकडे एका मैफलीला गेलो होतो, तिचं नाव घेत नाही. पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत सबवूफरचा एकच दणका. गिटारवादकाची बोटं पडद्यावर दिसत होती, सूर ऐकू येत नव्हता. गायिका दोन गाण्यांच्या मधे हळू आवाजात काही सांगू लागली तर तेही त्याच दणक्यात बाहेर आलं. माझ्या शेजारच्या मुलीने ओढणी कानांना गुंडाळली होती. घरी आल्यावर दोन दिवस माझ्या कानांत शिट्टी वाजत होती.

ती शिट्टी हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. गिटारवादक पीट टाउनशेंड तिच्यासह जगतो आहे. एसी/डीसीच्या ब्रायन जॉन्सनला २०१६ मध्ये ऐकू येणं धोक्यात आलं म्हणून दौरा अर्ध्यावर सोडावा लागला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मैफलींच्या जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सांगितली आहे. १०० डेसिबल पुष्कळ असतात. त्यात मेटॅलिका बसते, आयर्न मेडन बसते. बसत नाही ती फक्त तुमची भीती, की क्षणभर आवाज खाली गेला तर लोक उठून जातील. लोक उठून जात नाहीत. मी त्या मैदानावर हजारो माणसांना एका ठोक्यासाठी थांबलेलं पाहिलं आहे.

माझा भाचा सतरा वर्षांचा आहे, ड्रम वाजवतो. तुमच्याच अल्बमांवर वाढलेला. जुनी गाणी त्याला ‘हळू’ वाटायची. गेल्या पावसाळ्यात मी त्याला झेपेलिनच्या चौथ्या अल्बममधलं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ तबकडीवर ऐकवलं. आवाजाचं बटण मी त्यालाच फिरवायला सांगितलं. त्याने ते इतकं वर नेलं की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या, आणि तरी काही फाटलं नाही. गाणं संपल्यावर त्याने विचारलं, ‘मामा, हे ड्रम इतके लांबून आणि तरी इतके जवळ कसे येतात?’ मी त्याला हेडली ग्रेंजचा जिना सांगितला. जुन्या घराच्या जिन्याच्या तळाशी झेपेलिनच्या ड्रमर बॉनमचा संच, वर जिन्याला टांगलेले दोन माइक, आणि मधे नुसती रिकामी जागा. तो बराच वेळ बोलला नाही. मग उठून त्याने सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.

पुढच्या महिन्यात त्याच्या बँडचं पहिलं रेकॉर्डिंग आहे. चार गाणी, भाड्याचा स्टुडिओ, चौघांच्या खाऊच्या पैशांतून भरलेलं आगाऊ भाडं. तिसऱ्या गाण्यात मधे सगळे थांबतात आणि तो एकटा काठीने रिमवर चार ठोके देतो, कानोसा घ्यावा इतके हलके. त्यानंतर चौघे एकदम कोसळतात. त्या चार ठोक्यांसाठी तो तीन आठवडे खपला आहे. शेवटच्या दिवशी मागच्या सोफ्यावर कुणीतरी बसलेलं असेल. ते तुम्ही असाल, तर त्या चार ठोक्यांपाशी तोंड बंद ठेवा.

एक श्रोता