कारण सांगायला जागा नाही?

ऑल्ट-एफ८ दाबलं की एक्सेलची मॅक्रोंची यादी उघडते. पगारपत्रकाचा मॅक्रो त्यात नाही. ऑल्ट-एफ११ ने आत जाऊन बघावं, तर कोड शाबूत! लिहिणारा कधीच बदली होऊन गेलेला. खुर्चीवरची क्लार्कबाई समजते, आपल्याच हातून काही बिघडलं.

काही बिघडलेलं नसतं. मॅक्रो ज्या शब्दाने सुरू होतो त्या 'सब'च्या आधी कुणी 'प्रायव्हेट' लिहिलं, की नाव यादीतून गेलं. कंसात महिना किंवा वर्ष मागितलं तरी गेलं, मग ते 'ऑप्शनल' का असेना. 'सब'ऐवजी 'फंक्शन' लिहिलं, तरी तेच. मॉड्यूलच्या डोक्यावर 'ऑप्शन प्रायव्हेट मॉड्यूल' ही एक ओळ असली, तर खालचं सगळंच अदृश्य. अ‍ॅड-इनमधले मॅक्रो तर यादीत येतच नाहीत. नाव अचूक टाईप केलं की मात्र चालतात. (आणि हो, खालच्या चौकटीत 'धिस वर्कबुक' निवडलेलं नाही ना, तेही बघा.)

या नियमांशी माझं भांडण नाही. ज्याला महिना हवा तो मॅक्रो नुसत्या क्लिकवर चालणार कसा? भांडण आहे ते मौनाशी. कोणतं नाव कशामुळे गाळलं, हे यादी बनवणाऱ्या प्रोग्रामला पक्कं ठाऊक असतं. 'इतके मॅक्रो दाखवलेले नाहीत, कारण अमुक' एवढी एक ओळ खिडकीच्या तळाशी सहज मावेल. व्हीबीए, म्हणजे मॅक्रो लिहिण्याची भाषा, एक्सेलमध्ये आली १९९३ साली. तेव्हापासून ही ओळ लिहायला कुणाला सवड झाली नाही, हे मला पटत नाही. ज्याला कोड वाचता येतो तो शोधून काढेल. ज्याला येत नाही, त्याच्यासाठीच तर ही यादी आहे.

सर्वांत वाईट प्रकार सेव्ह करतानाचा. २००७ च्या आवृत्तीपासून साध्या एक्सएलएसएक्स फाईलमध्ये मॅक्रो राहत नाहीत. एक्सेल तसं विचारतं, पण बऱ्याच आवृत्त्यांत बटणं उलटी लावून: 'येस' म्हणजे मॅक्रोविना सेव्ह, कोड वाचवायचा तर 'नो'. घाईच्या माणसाचं बोट 'येस'वरच जाणार, हे ओळखायला संशोधन लागत नाही.

तुमचं बोट गेलं असेल आणि फाईल अजून उघडी असेल, तर ती बंद करू नका. कोड अजून मेमरीत आहे. आधी एफ१२ दाबा, फाईलचा प्रकार मॅक्रो राखणारा एक्सएलएसएम निवडा आणि सेव्ह करा.